मागची मूठ

त्या बाईचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं, तेव्हापासून ती माझ्या डोळ्यांत खुपत होती.

खुर्ची एक आणि बसणाऱ्या आम्ही दोघी. ती उठून गेली की दुसऱ्या दिवशी मी. खुर्ची कधीच माझ्या उंचीला नसायची. ती खाली करून ठेवायची, मी वर करायची. एवढ्यावरून बाई बुटकी आहे हे मला कळलं होतं आणि त्याचं बरंही वाटलं होतं. पण बाकी सगळं कसं, तर नजर लागावी असं. चमचे धुऊन पालथे घातलेले, पाण्याच्या तांब्यावर फुलपात्र, फडक्याची चौकोनी घडी. कुणी म्हणेल, किती नेटकी बाई. मी म्हणायची, मला दाखवतेय. आणि टेबलाच्या खणात स्टीलच्या वाटीत आवळकाठी, काठोकाठ भरलेली. ही जागा माझी आहे, एवढंच सांगायला ठेवलेली. मी आले की आधी ती वाटी खिडकीबाहेर उपडी करायची, धुऊन परत खणात ठेवायची, मग कामाला बसायची. पुढच्या पाळीला वाटी पुन्हा भरलेली. खोडच होती तिला.

काम काय ते सांगते. सोलापुरात मल्लिनाथ उंबरजे यांचा काळ्या तिखटाचा कारखाना आहे. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मिरची, धने, खोबरं, तीळ, दगडफूल भाजायचं, कांडायचं आणि पाकिटात भरायचं. प्रत्येक घाणा बाहेर पडायच्या आधी कुणीतरी त्याची चव बघून ‘जाऊ द्या’ किंवा ‘थांबवा’ म्हणायचं असतं. ते कुणीतरी म्हणजे आम्ही. अण्णांनी मध्यंतरी चव मोजणारं यंत्रही आणलं होतं. यंत्र मीठ किती, तिखट किती, तेल किती ते अगदी बरोबर सांगायचं. पण दोन महिन्यांत दुकानदारांनी पाकिटं परत पाठवली. बायका म्हणे तक्रार करत होत्या, तिखट आहे, पण आमटी आमच्या घरची लागत नाही. यंत्र कोपऱ्यात गेलं आणि पुन्हा माणसाची जीभ आली. कडक भाकरीचा तुकडा, त्यावर थेंबभर कच्चं तेल, त्यावर चिमूटभर तिखट. बस्स, एवढंच यंत्र.

आणि कारखान्याची एक रीत. अण्णांच्या आजीपासूनची. नवा घाणा कांडून झाला की त्यात आदल्या घाण्यातली एक मूठ टाकायची. चव बघणारीनं स्वतःच्या हातानं. त्याला मागची मूठ म्हणतात. दह्याला विरजण लागतं तसं तिखटालाही लागतं, असं आजीचं म्हणणं. आता मला सांगा, तिखटाला कसलं विरजण? पण रीत ती रीत. म्हणजे माझ्या प्रत्येक शनिवारच्या घाण्यात त्या बाईच्या हातचं मूठभर असायचंच. आणि मला ते ठाऊक असायचं.

या नोकरीआधी माझ्या तीन नोकऱ्या गेल्या होत्या. तिन्हीकडे काम चांगलं होतं, फक्त बुधवार वाईट होता. मला बायपोलरचा आजार आहे. कधी मन इतकं वर जातं की झोप नको, जेवण नको, जग माझ्या मुठीत. आणि कधी इतकं खाली की अंगावरची चादर उचलणं होत नाही. रोजच्या गोळ्या आणि दर बुधवारी दुपारी दवाखान्यात चुंबकाचा उपचार. डोक्याला टोपीसारखं यंत्र लावतात, त्यातले चुंबकाचे हलके ठोके मेंदूच्या ठरावीक भागाला बसतात आणि मनाचा तोल सांभाळला जातो. दुखत नाही. पण पुढचे दोन दिवस तोंडात पितळ, शनिवारीही थोडं उरलेलं. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकावं, तशी प्रत्येक घासाला चव. आधीच्या एका साहेबांना मी दर बुधवारी दाताच्या डॉक्टरकडे जाते असं सांगितलं होतं. सहा महिन्यांनी ते म्हणाले, “मॅडम, एकूण दात तरी किती आहेत तुम्हाला?” आणि नोकरी गेली.

मग लयपट्टी आली आणि जोडनोकरीचा कायदा आला. पट्टी साधीच, मनगटाला बांधायची, घड्याळासारखी. आपल्याला वाटतं छातीतले ठोके एकसारखे पडतात. तसं नसतं. दोन ठोक्यांमधलं अंतर सतत थोडं कमीजास्त होत असतं, आणि मन खाली जायच्या दोन-चार दिवस आधी ती लवचीकता कमी व्हायला लागते. मन वर जायच्या आधी झोप तुटते, हात रात्रीही चाळवतात, तळव्याचा घाम बदलतो. माणसाला स्वतःला कळायच्या आधी पट्टीला कळतं. हवामान खातं पावसाचं सांगतं, तशी ती मनाचं सांगते. झोपेला त्यात सगळ्यात जास्त वजन. मग रोजगार कार्यालयाचा संगणक तुमच्यासाठी जोडी शोधतो. तुमचे उपचाराचे दिवस आणि तिचे वेगळे, तुमचा उतार तेव्हा तिचा सपाट रस्ता. एक काम, दोन माणसं. काम अडत नाही, उपचार चुकत नाही, मालकाला करात सूट. जोडीदाराचं नाव मात्र सांगत नाहीत. मी ‘अ’, ती ‘ब’. आणि दवाखान्याची नोंद कामाच्या संगणकाला दिसत नाही, कामाची दवाखान्याला दिसत नाही; मालकाला दिसतो तो फक्त पट्टीचा आलेख. आमची अब्रू झाकायला ही सोय केलेली. सोय चांगलीच आहे. मी तिचं काय केलं ते पुढे येईलच.

कायदा करणाऱ्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली नाही. आठवड्याचे कामाचे दिवस सहाच. ती जितकी बरी होणार तितके तिचे दिवस वाढणार, आणि ते येणार कुठून? माझ्यातून. सुरुवातीला माझे चार होते, तिचे दोन. दिवाळीपर्यंत तीन-तीन झाले. दुसऱ्याचं बरं होणं आपल्या ताटातून वाढलं जातंय, हे बघत बसायला मी काही संत नाही.

त्यात महादेवीअक्का. भाजणीवरची सगळ्यात जुनी बाई. एके सोमवारी ती मिरच्यांचे देठ खुडत म्हणाली, “त्या दुसऱ्या मॅडमचा घाणा कसा हळू चढतोय बघा जिभेवर. आधी गोडसर, मग धने, मग तिखट. पायरी पायरीनं.”

“आणि माझा?” मी विचारलं.

“तुमचा पण चांगलाय की.”

चांगलाय की. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि त्या कारखान्यातल्या नव्हत्या. त्या दिवशी मी तीनदा भाकरी बदलून घाणा तपासला. हळू चढतो का, पायरी पायरीनं चढतो का. जिभेला काही कळेना. डोक्यात नुसती ती बुटकी बाई.

पुढच्याच आठवड्यात अण्णांनी मला केबिनमध्ये बोलावलं. नवीन कारखाना उभा राहणार होता. संक्रांतीनंतर तिथे एकच चव बघणारी हवी, कायमची, सहाही दिवस, पगार दुप्पट.

“जोडी नको आता,” अण्णा म्हणाले. “दोन हात म्हटलं की दोन तऱ्हा. दोघींच्या पट्ट्या बघतोय मी. जिची सरळ राहील तिची खुर्ची. तुमची आत्ता जरा वरखाली दिसतेय, मॅडम.”

“आणि त्यांची?”

“बरीच सरळ आहे.”

घरी येऊन मी सोमनाथला सगळं सांगितलं. माझा नवरा महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात आहे. पहाटे व्हॉल्व्ह सोडायला जातो, दुपारी येऊन जेवतो. स्वभाव म्हणजे टाकीतलं पाणी, तरंग नाही. तो भाकरी मोडत ऐकत राहिला.

“मी थोडे दिवस चुंबक बंद करणार आहे,” मी म्हटलं. “गोळ्याही निम्म्या. जीभ स्वच्छ राहिली की बुधवार, गुरुवार, शुक्रवार सगळे माझे.”

“आणि पट्टी?”

“पट्टी रात्री तू बांधायची.”

त्यानं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. “डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

“पट्टी माणूस ओळखत नाही. नाडी बघते फक्त. तू झोपलास की ढोल वाजवले तरी उठत नाहीस. संक्रांतीपर्यंतच. एकदा खुर्ची मिळाली की मी सगळं परत सुरू करते, शपथ.”

“वृषाली, तुला बरं वाटतंय ते उपचारामुळे वाटतंय. उपचार सोडून नाही.”

“तीन नोकऱ्या गेल्या तेव्हा तूच मला दवाखान्यातून घरी आणत होतास ना? चौथी पण जाऊ दे मग. ती ब घेऊन बसेल, आणि मी बसते इथे तुझे डबे भरत.”

भांडणात तो कधीच जिंकत नाही, आणि याचा फायदा मी लग्नापासून घेत आले आहे. झोपायच्या वेळी त्यानं हात पुढे केला. त्याचं मनगट माझ्यापेक्षा जाड, पट्टी दोन भोकं पुढे लावावी लागली.

दवाखान्यात मी कळवलं की बहिणीकडे बार्शीला चाललेय, महिनाभर नाही. कामाच्या संगणकावर बुधवार मोकळा केला. आणि आठवडाभरात माझा आलेख असा सरळ झाला की पट्टीवर अभिनंदनाचा निरोप आला. झोपेत उल्लेखनीय सुधारणा, म्हणे. सोबत एक सूचना, घोरण्याबद्दल कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. सोमनाथ ते वाचून दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

पण जीभ! काय सांगू तुम्हाला. पितळ गेलं आणि जिभेवरून कुणी ओलं फडकं फिरवल्यासारखं झालं. धन्यातला धना वेगळा, तिळातला तीळ वेगळा. खोबरं कुठल्या बाजूला दोन क्षण जास्त भाजलं तेही लागायला लागलं. पहाटे चारला जाग यायची आणि झोप नको वाटायची. घर झाडून, स्वयंपाक करून, सोमनाथच्या हातची पट्टी काढून मी सगळ्यांच्या आधी कारखान्यात हजर. माझे दिवस चार झाले. मग साडेचार. तिला उरला दीड. त्या दीड दिवसाचाही मला राग यायचा.

आणि मग मूठ. एका सकाळी मी तिच्या घाण्यातली मूठ हातात घेतली आणि मनात आलं, कशाला? माझ्या एवढ्या चोख तिखटात हिचं मूठभर मिळमिळीत कशाला? मी ती मूठ पोत्यात परत टाकली. माझ्याच सगळ्यात फक्कड घाण्यातलं तिखट मी एका बरणीत घरी नेऊन ठेवलं होतं, ते पदराआडून आणलं आणि त्यातली मूठ टाकली. कुणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घाणा माझा, मूठही माझी. त्याच्या पुढच्या घाण्याला, त्यातल्याच तिखटाची मूठ. रोज चव बघायची ती कालच्या माझ्याच तिखटाशी ताडून, आणि कालच्यापेक्षा आज जरा झणका हवा असंच वाटायचं. महादेवीअक्का एकदा भाकरीचा तुकडा तोंडात टाकून ठसकली, डोळे पुसत म्हणाली, “मॅडम, जरा जास्त नाही का झालं?” मी म्हटलं, “अक्का, तुमचं वय झालं.” तिनं तोंड फिरवलं आणि पुन्हा काही म्हणाली नाही.

पौष लागायच्या तोंडावर पाकिटं परत आली. एका शुक्रवारची सगळी खेप. कुणा लग्नघरी आमटीला एकानंही हात लावला नाही, पोरं रडली, आचाऱ्यानं अण्णांना फोन करून सात पिढ्या उद्धरल्या. पाकिटावर तारीख असते, वेळ नसते. आणि तो शुक्रवार नेमका दोघींचा होता. सकाळी मी, दुपारी ती.

अण्णांनी दोघींच्या पट्ट्यांचे आलेख काढले. माझा पट्टीनं आखावा तसा सरळ. तिचा त्याच आठवड्यात खाली घसरलेला. दिवस कमी झाले म्हणून घसरला असेल, हे माझ्या मनात आलं होतं. मी ते मनातच ठेवलं.

“उघडच आहे,” अण्णा म्हणाले. “त्यांना बरं नव्हतं, घाणा हाताबाहेर गेला. मॅडम, खुर्ची तुमची. पण त्या म्हणतात, मला एकदा समोर बसून चव बघू द्या. कार्यालयाला दोघींची संमती लागते. तुमची हरकत?”

सुंठीवाचून खोकला जात होता. हरकत कसली? मला तर बघायचंच होतं तिला. हरलेली बघायचं होतं.

बुधवारी सकाळी ती आली. तिशीची असेल. एवढीशी मुलगी, अंगात साधा सुती ड्रेस, वेणी घट्ट, डोळ्यांखाली काळं. अण्णांनी नाव सांगितलं, लावण्या येमूल. इतके महिने मी जिच्याशी लढत होते ती माझ्या खांद्यालाही लागत नव्हती. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली, खुर्चीवर बसली नाही, उभ्यानंच भाकरीचा तुकडा घेतला. गोळ्यांमुळे बोटं किंचित थरथरत होती, माझीही थरथरायची. तेल, चिमूट, तोंडात. तिच्या डोळ्यांना पाणी आलं, पण ती चावत राहिली, घाई न करता. त्या घाई न करण्याचासुद्धा मला हेवा वाटला.

“अण्णा, ह्यात मागची मूठ नाही,” ती म्हणाली.

“नाही कशी? रीत आहे ती.”

“माझा हात कुठंच लागत नाही ह्यात. एकच हात आहे. त्याच्यावर तोच, आणि त्याच्यावर परत तोच.”

अण्णा काही विचारणार तेवढ्यात मिरचीची गाडी फाटकात आली आणि त्यांना बाहेर जावं लागलं. आम्ही दोघीच उरलो. ती माझ्या मनगटाकडे बघत होती.

“ताई, तुमची पट्टी दोन भोकांत लागते.”

मी हात पदराखाली घेतला.

“दोन्ही भोकं ताणलीत,” ती म्हणाली. “रात्री कुणाच्या हातात असते?”

“तुम्हाला काय करायचंय?”

“मी आईच्या हातात बांधायचे. मागच्या नोकरीत. दिवसभर विड्या वळून आई अशी झोपायची की बास. महिनाभर माझा आलेख एकदम सरळ. मग एके दिवशी अक्कलकोट रोडला मी अनवाणी चालताना सापडले. कुठून निघाले ते अजून आठवत नाही.” हे तिनं भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. “झोप किती होते तुमची? खरी?”

आदल्या रात्री मी दोन तास झोपले होते आणि मला त्याचा अभिमान होता.

“मग सांगा की अण्णांना,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. “पुरावा मिळालाय. बसा खुर्चीवर एकट्या.”

“मला नकोय एकटीची खुर्ची. सहा दिवस मला झेपणार नाहीत. दिवाळीतच नाही म्हणून सांगितलंय मी अण्णांना. त्यांना वाटतं मी लाजते.”

दिवाळीपासून मी जिच्याशी शर्यत लावून पळत होते, ती पळतच नव्हती. मग मी चुंबक सोडलं ते कुणासाठी, आणि नवऱ्याला रात्रीची पट्टी बांधली ती कुणासाठी? तरी राग गेला नाही. उलट वाढला. नको म्हणायचीसुद्धा ऐपत आहे हिची.

“आणि तुमचा पुळका आलाय म्हणून गप्प बसत नाहीये मी,” ती म्हणाली. “तुमचं कळलं तर जोडी मोडेल. नवी जोडी मिळेपर्यंत मागच्या वेळी माझं वर्ष गेलं. तुमचा राग तर मला पहिल्यापासून आहे. चार-चार दिवस मिळायचे तुम्हाला.” मग थांबून तिनं खण उघडला, वाटी बाहेर काढली. “आवळकाठी तरी खाताय ना अजून?”

“म्हणजे?”

“चुंबकानंतर तोंडात पितळ होतं ना. तुमच्या शनिवारच्या घाण्यात चिमूटभर मीठ जास्त असायचं, त्यावरून कळलं मला, हिला पण होतं म्हणून. आवळकाठी चघळली की जातं. घरी सुकवते मी. दर वेळी वाटी रिकामी दिसायची, वाटलं, आवडतेय तुम्हाला.”

खिडकीबाहेर त्या वाटीएवढ्या ढिगाला मुंग्या लागायच्या, ते मी रोज बघत होते. मी तिला ते सांगितलं नाही. आजपर्यंत सांगितलेलं नाही.

अण्णा परत आले, घाम पुसत. “हं. मग काय ठरलं? घाणा कुणाचा?”

मी तोंड उघडायच्या आधी ती बोलली. “माझा आहे, अण्णा. त्या दिवशी बरं नव्हतं मला. मूठ पण विसरले. पट्टीत दिसतंयच तुम्हाला. दोन आठवडे रजा द्या, मग माझे होते तेवढे दिवस परत द्या. जोडी राहू द्या.”

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. खुर्ची माझी, नोकरी माझी, नाव स्वच्छ. पण तुम्हाला खरं सांगू? माझ्या कानात फक्त तीनच शब्द घुमले. माझा आहे, अण्णा. माझ्या घाण्याला ती आपला म्हणत होती. पहाटे चारला उठून, दोन-दोनदा भाजून, माझ्या हातानं कांडलेला, माझी मूठ टाकलेला घाणा. बिघडला असेल. लग्नघरची पोरं रडली असतील. पण माझा होता, आणि ही चार फूट पोरगी तो माझ्यादेखत आपल्या नावावर घेत होती.

“ओ अण्णा,” मी म्हटलं, “हिला असलं तिखट जन्मात जमायचं नाही. माझा घाणा आहे तो.”

अण्णा माझ्याकडे, मग तिच्याकडे, मग हातातल्या कागदाकडे बघत राहिले. “पण मॅडम, तुमची पट्टी तर अगदी सरळ आहे.”

मी पट्टी काढली आणि टेबलावर टाकली. “ही सरळ रेघ माझी नाही. ही सोमनाथची झोप आहे. माझी झोप दिवाळीतच गेली.”

लावण्यानं कपाळाला हात लावला. अण्णा मिरचीच्या पोत्यावर खाली बसले. आणि मी बोलतच सुटले, थांबता येईना. चुंबक, बार्शीची बहीण, घरातली बरणी, घोरणं, सगळं. बोलता बोलता मी हसत होते आणि मग हसू कुठे संपलं ते कळलं नाही. महादेवीअक्कानं येऊन मला धरलं. सोमनाथ कामावरून तसाच, ओल्या पँटीनं आला आणि मला दवाखान्यात घेऊन गेला. बुधवारच होता.

जितकं वर गेले होते तितकंच खाली आले. त्याचं वर्णन करत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. काही आठवडे दवाखान्यात, मग घरी. पट्टी माझ्या हातावर, माझ्याच भोकात. सोमनाथनं त्याच्या भोकावर चिकटपट्टी लावून ते बुजवून टाकलं.

अण्णांनी माझी पाळी बंद केली, बरोबरच केलं. एकटीच्या खुर्चीचं काय झालं? लावण्या तीन दिवसांच्या वर एक तास बसली नाही. अण्णांनी पगार वाढवून बघितला, समजावून बघितलं, शेवटी चव मोजणारं यंत्र कोपऱ्यातून काढून झटकून बघितलं. मग माझीच मूठ टाकलेल्या त्या दिवसांतल्या चार घाण्यांचे नमुने ओळीनं यंत्रात घालून त्यांनी स्वतः आलेख काढला, तेव्हा त्यांना आजीची रीत कळली. एकटी जीभ रोज कालच्या स्वतःशीच ताडत बसली तर हळूहळू कुठेही जाते, आणि तिला पत्ता लागत नाही. मागची मूठ दुसऱ्या हाताची असली की ती वेसण घालते. माझं मीठ तिच्या मुठीनं सावरायचं, तिचं मिळमिळीतपण माझ्या मुठीनं. विरजण म्हणत होती आजी, ती काही वेडी नव्हती. नव्या कारखान्यातही अण्णांनी जोडीच ठेवायची ठरवली. आणि जोडी मोडायचा अर्ज लावण्यानं केला नव्हता. पुळका नाही म्हणाली होती, तो तिचा शब्द तिनं पाळला. मी परत यायच्या आधी तिनं कार्यालयातून मला एकच निरोप पाठवला. लवकर या, नवीन जोडी शोधायला मला वेळ नाही.

चैत्रात मी परत गेले. दोनच दिवस मिळाले, मंगळवार आणि शनिवार, तेही तपासणीवर. बुधवार दवाखान्याचा, अण्णांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईनं गोल केलेला. कुठे जाता म्हणून आता कुणी विचारत नाही.

पहिल्या शनिवारी खोलीत गेले. खुर्ची खाली होती. मी वर केली. चमचे पालथे, फडक्याची घडी. खणात वाटी, काठोकाठ. तोंडात पितळ होतंच. मी एक आवळकाठी जिभेवर ठेवली. आंबट, मग तुरट, मग पाणी प्यायल्यावर गोड. पितळ गेलं. हो, गेलं.

बशीत झाकून ठेवलेलं तिचं शुक्रवारचं तिखट होतं. भाकरीचा तुकडा घेतला, तेल घातलं, चिमूट टाकली. आधी गोडसर, मग धने, मग तिखट. पायरी पायरीनं. महादेवीअक्का दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती.

“कसंय, मॅडम?”

“चांगलंय की,” मी म्हटलं.

जळले. खोटं कशाला बोलू, पार आतून जळले. मग माझा घाणा आला आणि मी तिच्या तिखटात हात घालून भरभरून मूठ घेतली, एक कणही सांडू दिला नाही, आणि माझ्यात टाकली. सोमवारी ती माझ्यातली घेईल. घेऊ दे. पण तिचा हात एवढासा आहे. मूठ माझीच मोठी, हे आत्ताच सांगून ठेवते.